त्वचेचा लेशमॅनियासिस आणि जस्त: एम.एस्सी. कोणत्या विषयात करावी?

प्रश्न: मी परभणीत बी.एस्सी.च्या (सूक्ष्मजीवशास्त्र) तिसऱ्या वर्षाला आहे. त्वचेच्या लेशमॅनियासिसमध्ये (सँडफ्लाय माशीच्या चाव्यातून शिरणाऱ्या परजीवीमुळे त्वचेवर जखमा होणारा आजार) रुग्णांच्या रक्तातील जस्त कमी आढळते, असे वाचले. जस्त कमी, म्हणून प्रतिकारशक्ती कमी, म्हणून जखम भरत नाही, यावर मला संशोधन करायचे आहे. त्यासाठी पोषणशास्त्रात एम.एस्सी. करावी का? घरचे म्हणतात, हा आजार आपल्याकडे नाही, मग नोकरी कोण देणार?

उत्तर: तुमच्या पत्रात ‘म्हणून’ हा शब्द दोनदा आला आहे आणि विषयाची निवड त्याच्यापाशीच येऊन ठरते. संसर्ग झाला की शरीर रक्तातील जस्त यकृतात ओढून घेते, त्यामुळे आहारात उणीव नसतानाही रक्तातील पातळी उतरते. म्हणजे रुग्णात दिसणारी घट हे आजाराचे कारण असू शकते, तसा तो आजाराचा परिणामही असू शकतो. शिवाय हा आजार घडवणाऱ्या लेशमॅनिया परजीवीच्या पृष्ठभागावरील जीपी६३ हे विकर (एन्झाइम) स्वतःच जस्तावर चालते, तेव्हा जस्त केवळ आपल्याच बाजूचे आहे असेही मानता येत नाही.

तरीही तुमची शंका बिनबुडाची नाही. मूळचे बिहारमधील बक्सरचे डॉ. आनंद प्रसाद यांनी इराणमधील शिराझ येथे वाढ खुंटलेले तरुण तपासले आणि १९६१ मध्ये जस्ताच्या कमतरतेची शक्यता मांडली. इजिप्तमधील रुग्णांवरील कामातून १९६३ मध्ये तिला पुरावा मिळाला. न आंबवलेल्या रोटीतील फायटेट हे धान्यातले संयुग जस्ताला बांधून ठेवते, हे त्यामागील एक कारण होते. (भाकरी खाणाऱ्या घरांनी धसका घेऊ नये, पीठ आंबवले की फायटेट घटते आणि आपली आंबील तेच काम करते.) जस्त कमी पडले की टी पेशींकडून (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी) येणारे इंटरफेरॉन गॅमा हे संदेशवाहक प्रथिन घटते, हेही पुढे त्यांच्याच संशोधनातून दिसले. लेशमॅनिया मॅक्रोफेज या जंतू गिळणाऱ्या पेशींच्या आत दडून वाढतो आणि त्याला मारण्यासाठी त्या पेशींना चेतवण्याचे काम प्रामुख्याने इंटरफेरॉन गॅमाच करते. तुमचा प्रश्न इथे येऊन पोहोचतो, आणि हे क्षेत्र प्रतिकारशास्त्राचे आहे. त्यामुळे सूक्ष्मजीवशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान यांत, प्रतिकारशास्त्राचा भाग भक्कम असलेली एम.एस्सी. करावी आणि पोषणशास्त्र व संख्याशास्त्र जोडीला शिकावे, असे माझे मत आहे. त्यासाठी आयआयटी जॅम आणि गॅट-बी या दोन्ही प्रवेश परीक्षा द्याव्यात.

या क्षेत्रातील मेहनत कुठे खर्ची पडते, तेही आधीच पाहून ठेवावे. साध्या रक्तनळीच्या रबरी बुचातून जस्त नमुन्यात उतरते, रक्त काढताना तांबड्या पेशी फुटल्या तर आकडा फुगतो आणि जेवणानंतर तो खाली येतो. माझ्या एका विद्यार्थ्याचे चार महिन्यांचे नमुने केवळ बुचापायी टाकून द्यावे लागले. अशा चिकाटीच्या कामात तुमचे मन रमते का, हे उन्हाळी प्रकल्पात तपासून पाहा.

घरच्यांचे म्हणणे अर्धे खरे आहे. भारतात हा आजार प्रामुख्याने बिकानेरच्या वाळवंटी भागात आणि हिमाचल प्रदेशात आढळतो. मात्र तो पसरवणाऱ्या सँडफ्लाय माश्या आपल्याला परक्या नाहीत. नागपूरजवळील चांदिपुरा गावाचे नाव मिळालेला विषाणूही याच माश्यांमार्फत पसरतो. शिवाय लेशमॅनियावर पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात अनेक वर्षे काम झाले आहे, आणि लेशमॅनियामुळेच होणाऱ्या काळा आजाराच्या निमित्ताने पाटण्याच्या राजेंद्र स्मारक संस्थेतही ते चालते. नोकरी देणारा आजाराचे नाव पाहत नाही. पेशी वाढवणे, एलायझा (प्रतिपिंडे वा प्रथिने मोजण्याची चाचणी), फ्लो सायटोमेट्री (पेशी मोजण्याचे व ओळखण्याचे तंत्र) ही कौशल्ये पाहतो, आणि ती लस व निदान कंपन्यांतही लागतात.

नेट परीक्षेतून जेआरएफ (कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती) मिळाल्यास दरमहा ३७,००० रुपये आणि नियमानुसार घरभाडे भत्ता मिळतो, पण पीएच.डी.ला पाच-सहा वर्षे सहज जातात. तोवर घरखर्चाचा भार तुमच्यावर येणार आहे का, हे पत्रात लिहिलेले नाही. तसे असेल तर एम.एस्सी.नंतर दोन वर्षे गुणवत्ता नियंत्रणात नोकरी करून मग संशोधनाकडे वळावे. फक्त जेआरएफची वयोमर्यादा नजरेआड होऊ देऊ नये.