तानापिहिनिपाजा आणि दप्तरावरचा बिल्ला

इंग्लंडमधल्या स्विंडनहून एका गोमंतकीय आईचं पत्र आलंय. थोडं कापून देते.

"ताई, आम्ही मूळ पेडण्याकडचे, अकरा वर्षं झाली इथे येऊन. मुलगी पंधराची. तिच्या दप्तराला इंद्रधनुष्याच्या झेंड्याचा बिल्ला आहे आणि खोलीच्या खिडकीत झेंडा. पण दोन्ही सारखे नाहीत. बिल्ल्यावर नुसते सहा पट्टे. खिडकीतल्यावर डाव्या बाजूने बाणासारखं काहीतरी घुसलंय आणि पिवळ्यावर जांभळं वर्तुळ आहे. विचारलं तर म्हणाली, 'आई, गूगल कर.' यंदा चवथीला गावी येतोय. सासरे गावच्या सेवा सोसायटीचे सेक्रेटरी होते, घरात माणसांची ये-जा. बिल्ला काढून ठेव म्हणू का? आणि खरं विचारायचंय ते हे, की ती 'तशी' आहे का?"

शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण बाकीचं पत्र त्याच्यासाठीच लिहिलंय. मुलगी समलिंगी आहे का, ते बिल्ल्यावरून कळत नाही. तिकडच्या शाळांत हा बिल्ला मैत्रिणीसाठी लावतात, आवडत्या शिक्षकासाठी लावतात, वर्गातल्या कुणाला तरी छळलं म्हणून लावतात, आणि हो, स्वतःसाठीही लावतात. काही वर्षांपूर्वी अशाच एका आईला "वय आहे, निवळेल" असं लिहून मी मोकळी झाले होते. दोन वर्षांनी तिचं पुन्हा पत्र आलं, एका ओळीचं. "निवळलं नाही, तो आता आमच्याशी बोलत नाही." तेव्हापासून असल्या पत्रांना मी घाईत उत्तर देत नाही. "तू तशी आहेस का?" हा प्रश्न तुम्हीही घाईत विचारू नका. झेंड्याबद्दल विचारा. त्यासाठी आधी तुम्हाला तो माहीत हवा.

माझ्या वडिलांचं म्हापशात शिवणकामाचं दुकान होतं, त्यामुळे मला या झेंड्याची गोष्ट कापडापासूनच सांगता येते. सॅन फ्रान्सिस्कोत गिल्बर्ट बेकर नावाचा एक गृहस्थ स्वतः शिवण शिकलेला, मोर्चांचे फलक शिवायचा. त्याआधी समलिंगी लोकांची खूण म्हणून गुलाबी त्रिकोण चालायचा. तो त्रिकोण नाझींनी छळछावण्यांतल्या समलिंगी कैद्यांच्या कपड्यांवर शिवलेला. शत्रूने कपाळी मारलेली खूण किती दिवस मिरवायची? १९७८ मध्ये बेकर, लिन सेगरब्लोम, जेम्स मॅकनमारा आणि तिसेक स्वयंसेवकांनी एका सामाजिक केंद्राच्या माळ्यावर साधं पांढरं सुती कापड, आपल्या मांजरपाटाच्या जातीचं, पिंपांत बुडवून हाताने रंगवलं. रंग धुऊन काढायला ते रात्री उशिरा सार्वजनिक धुलाईघरात गेले, कारण तिथल्या यंत्रांत रंगाचं कापड टाकायला मनाई होती. हे वाचून मला फार हसू आलं. होळीनंतर मोरीची जी दशा होते ती डोळ्यांसमोर आली.

झेंडे दोन झाले, प्रत्येकी तीस फूट बाय साठ फूट. २५ जून १९७८ ला ते फडकले. पट्टे आठ होते आणि बेकरने प्रत्येकाला अर्थ दिला होता. वरून पहिला गडद गुलाबी, तो लैंगिकतेचा. मग लाल म्हणजे जीवन, नारिंगी म्हणजे जखम भरून येणं, पिवळा ऊन, हिरवा निसर्ग, फिरोजी जादू आणि कला, पारवा मनाची शांती आणि शेवटचा जांभळा आत्मबळाचा.

बऱ्याच आयांना जो पट्टा मुलांना समजावताना अवघड वाटेल, तो पहिलाच. पण सर्वांत आधी गळाला तोही तोच, आणि लाजेपायी नव्हे. २७ नोव्हेंबर १९७८ ला सॅन फ्रान्सिस्कोचे लोकनियुक्त, उघडपणे समलिंगी असलेले प्रतिनिधी हार्वी मिल्क आणि महापौर जॉर्ज मॉस्कोनी यांना एका माजी सहकाऱ्याने गोळ्या घालून मारलं. दुःखात लोक झेंडा मागू लागले. हाताने रंगवून किती पुरवणार? कारखान्यात करायचं तर गडद गुलाबी कापड सहज मिळेना. दुकानात बसलेल्या माणसाला यात नवल वाटत नाही. ताग्यात कापड नाही म्हटल्यावर गिऱ्हाइकाला जे आहे त्यात बसवावं लागतं. उरले सात.

१९७९ च्या मिरवणुकीसाठी मार्केट स्ट्रीटच्या दिव्याच्या खांबांवर झेंडे उभे टांगायचे ठरलं. सात पट्ट्यांतला मधला खांबाआड जायचा, असं सांगतात. म्हणून संख्या सम केली, फिरोजी काढला आणि पारव्याच्या जागी साधा गडद निळा आला. सहा पट्ट्यांचा तो झेंडा म्हणजे तुमच्या लेकीच्या दप्तरावरचा.

आता शाळेतलं आठवा. तानापिहिनिपाजा. तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, पारवा, जांभळा. बिल्ल्यावर "पा" नाही. आकाशातल्या इंद्रधनुष्याशी हा झेंडा जुळत नाही ते यामुळे, आणि ही गोष्ट तुमच्या सासऱ्यांच्या लगेच लक्षात येईल. कशी ते पुढे सांगते.

खिडकीतला झेंडा नंतरचा. २०१७ मध्ये फिलाडेल्फियात सहा पट्ट्यांच्या वर काळा आणि तपकिरी असे दोन पट्टे जोडले. समलिंगींच्या बारमध्येही काळ्या लोकांना वेगळं वागवतात अशी तिथली तक्रार होती. तेव्हा ओरड झाली, की झेंडा सगळ्यांचाच होता, वेगळे पट्टे कशाला? मला त्या ओरडण्यात आपल्याकडच्या देवळांतले मानापानाचे वाद ऐकू आले. सगळ्यांचा देव असतो, पण पालखीला खांदा कुणी द्यायचा ते मात्र ठरलेलं.

२०१८ मध्ये डॅनियल क्वेझर या रचनाकाराने ते पट्टे वरून काढून डावीकडे बाणाच्या आकारात आणले. त्यांत पांढरा, गुलाबी आणि फिकट निळा असे ट्रान्स लोकांच्या, म्हणजे जन्मतः ठरवलेल्या लिंगाशी ज्यांची ओळख जुळत नाही त्यांच्या, झेंड्याचे रंग घातले. ट्रान्स झेंडा मोनिका हेल्म्स या पूर्वी अमेरिकन नौदलात असलेल्या बाईंनी १९९९ मध्ये केला होता. बाण उजवीकडे वळलेला, म्हणजे पुढे जायचंय. आणि तो डाव्या कडेलाच थांबलाय, म्हणजे बरंच चालायचं बाकी आहे. काळ्या पट्ट्यात एड्सने गेलेल्यांची आठवणही आहे. पिवळ्यावरचं जांभळं वर्तुळ २०२१ मध्ये व्हॅलेंटिनो वेकिएटी यांनी त्यात बसवलं. ते आंतरलिंगी लोकांचं, म्हणजे ज्यांचं शरीर जन्मतः स्त्री किंवा पुरुष या ठरलेल्या साच्यात बसत नाही त्यांचं. मूळ झेंडा ऑस्ट्रेलियातले मॉर्गन कारपेंटर यांनी २०१३ मध्ये केला. मुलग्यांचा निळा आणि मुलींचा गुलाबी टाळून त्यांनी हे दोन रंग घेतले. न तुटलेलं वर्तुळ म्हणजे, हे शरीर पुरेपूर आहे, त्यात दुरुस्तीचं काही नाही.

मला स्वतःला सहा पट्ट्यांचा जास्त आवडतो, दिसायला. नवा थोडा गजबजलेला आहे. पण आपल्या माटोळीकडे बघा. चवथीला गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतो आणि तिला नारळ, सुपारीचे घोस, आंबाडे, तोरिंजन, चिबूड, कांगले, कवंडळं बांधतो. नेटकी म्हणावी अशी ती कधीच नसते. ज्या वर्षी रानात घागऱ्या मिळत नाहीत त्या वर्षी त्यांच्याशिवायच बांधतात, आणि कुणी नवं फळ आणलं तर चौकटीत जागा काढतात. आमच्या शेजारचे वयस्क काका दरवर्षी शिडीवर चढून आधीच्या वर्षी काय राहिलं होतं ते मोजतात. त्या झेंड्याचंही असंच मोजणं चाललंय.

आता गावाकडचं. बिल्ला काढून ठेव असं तुम्ही सांगू नका. लाव असंही सांगू नका. तिला आधी सांगा की गावात हे विचारतील, हसतील, कदाचित कुणी वाईट शब्द काढील, आणि मग ठरवू दे. येताना दोहा किंवा दुबईमार्गे विमान असेल तर मात्र बिल्ला मोठ्या बॅगेत जाऊ दे, इथे मी ठाम आहे. बहुतेक आखाती देशांत समलिंगी संबंध गुन्हा आहेत, आणि २०२२ च्या फुटबॉल विश्वचषकाच्या वेळी कतारमध्ये प्रेक्षकांच्या इंद्रधनुषी टोप्याही काढायला लावल्या होत्या. तुमचे नातेवाईक कुवेत किंवा मस्कतला असतील तर त्यांच्याकडे राहायला जातानाही तेच. गोव्यात मोपा विमानतळावर उतरल्यावर बॅगेतून काढला तरी चालेल.

इथे कायद्याची अडचण नाही. सज्ञान माणसांच्या संमतीच्या संबंधांना गुन्हा ठरवणारा भाग ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ मधून काढला. लग्नाला मात्र ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने नकार दिला. घरात कुणी "हे सगळं विलायतेचं" म्हणालं, तर कोलकात्यात २ जुलै १९९९ ला पंधरा जणांनी समलिंगींसाठी पदयात्रा काढली होती, हे सांगा. पंधराच जण. आपल्याकडे गणपती विसर्जनालाही याहून जास्त माणसं असतात.

खरी अडचण शब्दांची आहे, आणि ती तुमच्या मुलीच्या लक्षात येणार नाही. तिचे या विषयावरचे सगळे शब्द इंग्रजी. आजीने मराठीत किंवा कोकणीत विचारलं की ती अडखळेल, आणि अडखळणाऱ्याचं उत्तर ऐकणाऱ्याला चोरी वाटतं. आपल्या पिढीकडे याबाबत जे शब्द आहेत त्यांतले निम्मे शिव्या आहेत. म्हणून निघण्याआधी तिला शब्द द्या. समलिंगी. पारलिंगी, म्हणजे ट्रान्स. आंतरलिंगी. उभयलिंगी हा शब्द टाळा, तो लोक दोन वेगळ्या अर्थांनी वापरतात आणि गोंधळ होतो. त्यापेक्षा "मुलगे आणि मुली दोघांकडेही ओढ असणारे" असं सरळ सांगितलेलं बरं. आणि एक पूर्ण वाक्य तिच्या तोंडात बसवा: "आजी, ज्यांना लोक हसतात त्यांच्या बाजूने मी आहे, म्हणून लावलाय." तिचं कारण वेगळं असेल तर वाक्यही ती वेगळं करील. ते बनवताना ती तुम्हाला आपणहून काही सांगेल. सांगितलं तर ऐकून घ्या, आणि नवऱ्याला सांगायचं का हे तिलाच विचारा. तुम्ही परस्पर सांगितलंत तर पुढचं काही तुमच्या कानावर येणार नाही.

सासूबाईंना आधीच फोन करून "जरा समजून घ्या" वगैरे सांगू नका. अशा फोनने माणूस आधीच घाबरून बसतो.

सासऱ्यांची मला तुमच्याइतकी काळजी वाटत नाही. सेवा सोसायटीच्या सेक्रेटरीने सात रंगांचा झेंडा आयुष्यभर पाहिलाय. सहकार चळवळीने इंद्रधनुष्याचा झेंडा १९२५ मध्येच घेतला होता, बेकरच्या किती तरी आधी. आंतरराष्ट्रीय सहकारी संघाने २००१ मध्ये आपला झेंडा बदलला, त्यात इतर इंद्रधनुषी झेंड्यांशी होणारा घोळ हेही एक कारण होतं. पण आपल्या देशात १४ ते २० नोव्हेंबरच्या सहकार सप्ताहात सोसायट्यांवर अजून तो सात रंगांचाच चढतो. तेव्हा बिल्ला बघून आजोबा पहिल्यांदा विचारतील ते बहुधा असं, की पोरी, सोसायटीचा झेंडा दप्तराला कशाला, आणि यात एक रंग कमी कसा?

तिथे तुम्ही मध्ये पडू नका. सोसायटीचा एखादा जुना झेंडा घरात कपाटात असेल तर त्यांना काढायला सांगा. ओटीवर दोन्ही शेजारी ठेवून पट्टे मोजू देत दोघांना. आजोबांच्या सातांत पारवा कुठला ते तिने शोधायचं, आणि तिच्या सहांत तो का नाही ते तिने आजोबांना सांगायचं. खिडकीतला मोठा झेंडाही घडी करून आणा. वर्तुळाबद्दल ते विचारणारच.