सूचना जुन्या होतात, काय करायचं?

प्रश्न: एका ओपन सोर्स कंपायलरच्या बिल्ड आणि इन्स्टॉलच्या सूचना मी सांभाळतो. दर रिलीजनंतर कुणीतरी सांगतं की स्टेप्स चालत नाहीत. किती वेळा दुरुस्त करत बसायचं?

उत्तर: हाताने दुरुस्त करत बसलात तर हे संपणारच नाही, त्यापेक्षा त्या कमांड्स एका स्क्रिप्टमध्ये टाका आणि तीच स्क्रिप्ट सीआयमध्ये (कोड आपोआप बिल्ड करून तपासणारी यंत्रणा) कोऱ्या कंटेनरवर, म्हणजे जादा काही इन्स्टॉल नसलेल्या वेगळ्या सिस्टिमवर, रोज चालवा, म्हणजे काही मोडलं तर वाचकाच्या आधी तुम्हाला कळेल. कोरा कंटेनर महत्त्वाचा, कारण आपल्या मशीनवर सगळ्या लायब्ररी आधीच पडलेल्या असतात आणि काय लिहायचं राहिलंय ते दिसतच नाही.

जीसीसी या ओपन सोर्स कंपायलरचंच बघा ना, त्याला जीएमपी, एमपीएफआर आणि एमपीसी या गणिताच्या लायब्ररी लागतात, तर त्या आणायची स्क्रिप्ट सोर्ससोबतच दिलीये, आणि बिल्ड सोर्सच्या फोल्डरमध्ये न करता वेगळ्या फोल्डरमध्ये करा असं स्पष्ट लिहिलंय. शिवाय नेहमीच्या बिल्डमध्ये तो स्वतःलाच तीन टप्प्यांत कंपाइल करतो, दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्याच्या ऑब्जेक्ट फाइल्स (कंपाइल होऊन निघालेल्या फाइल्स) जुळतात का ते तपासतो. यात बराच वेळ जातो, हे आधी सांगितलं नाही तर नवा माणूस म्हणणारच, अडकलं वाटतं, आणि मधेच बंद करून टाकणार!

मेमरीबद्दलही लिहाच. एलएलव्हीएम हा दुसरा कंपायलर प्रोजेक्ट लिंक होताना, म्हणजे ऑब्जेक्ट फाइल्स जोडून प्रोग्राम बनताना, रॅम संपून बिल्ड पडू शकतो, म्हणून निंजा (बिल्डच्या कमांड्स चालवणारं टूल) वापरताना एका वेळचे लिंक जॉब कमी ठेवायचा पर्याय त्याच्या सीमेकमध्ये (बिल्डची मांडणी ठरवणारं टूल) दिलाय. नेमका एरर मेसेज जसाच्या तसा पानावर टाका, लोक तोच कॉपी करून शोधतात.