समघटकता शिकवताना रेणूंची मॉडेल्स हवीतच का? फळ्यावर भागत नाही का?

तुम्ही विचारलंय की संरचना समघटकता (अणू तेच आणि तेवढेच, पण जोडणी वेगळी, म्हणून रेणू वेगळे) शिकवायला फळ्यावर संरचनासूत्रं काढणं पुरतं का, मॉडेल्स घ्यायची तर कोणती घ्यावीत, आणि त्यात तास वाया जातात का.

मॉडेल्स हवीतच, आणि ती मुलांच्या हातात हवीत. शिक्षकाच्या टेबलावर एक मॉडेल ठेवून लांबून दाखवायचं असेल तर फळाच बरा, तो निदान मागच्या बाकावरून दिसतो.

तास वाया जाण्याबद्दल मात्र मला सविस्तर लिहावं लागेल. मी रसायनशास्त्र शिकवते आणि हा वाद मी एका ज्येष्ठ सहकाऱ्यांशी वर्षानुवर्षं घातला आहे.

एके दिवशी वर्गात प्रत्येक गटाला ५ काळे गोळे (कार्बन), १२ पांढरे गोळे (हायड्रोजन) आणि बंधांसाठी काड्या दिल्या होत्या. अट एवढीच: एकही गोळा उरता कामा नये आणि एकही भोक रिकामं राहता कामा नये. सगळ्यांचे रेणू तयार झाल्यावर ते एका टेबलावर ओळीने मांडले आणि विचारलं, यातले वेगळे किती? कोणी पाच म्हणालं, कोणी सहा. मग दुसरी अट सांगितली. काडी न उपसता, फक्त फिरवून, एकाचा दुसरा करता आला तर ते दोन्ही एकच.

एका मुलाची साखळी टोकाला काटकोनात वर वळलेली होती. तो अडून बसला, "मॅडम, हा वेगळाच आहे. याला फांदी आहे." म्हटलं, फांदी ज्या कार्बनवर आहे त्यावर बोट ठेव आणि त्याला किती काळे गोळे जोडलेत ते मोज. त्याने बोट ठेवलं, मोजलं. दोन. शेजारच्या गटाच्या मॉडेलमध्ये फांदीच्या कार्बनला तीन काळे गोळे होते. त्याने आपल्या साखळीचं टोक चिमटीत धरून फिरवलं, आणि साखळी शेजारच्या सरळ पेंटेनसारखी आडवी झाली. परत फिरवलं, परत वाकडी. मग तो शेजारच्या गटाचं ते फांदीचं मॉडेल घेऊन बसला आणि त्यातली एकेक काडी फिरवून पाहू लागला. ते काही केल्या सरळ होईना, कारण ते २-मिथाइलब्यूटेन होतं. तिसऱ्या मॉडेलच्या मधल्या कार्बनवर एकही पांढरा गोळा नव्हता, चारही बाजूंना काळेच. ते २,२-डायमिथाइलप्रोपेन. टेबलावर तीनच उरले, आणि "पेंटेनचे समघटक तीन" हे वाक्य मला उच्चारावंही लागलं नाही.

त्याच वेळी ते ज्येष्ठ सहकारी, म्हणजे आमचे सर, दारात उभे राहून म्हणाले, "काय, खेळ चाललाय वाटतं?"

स्टाफरूममध्ये त्यांचं म्हणणं सरळ होतं. परीक्षेत गोळे देत नाहीत, कागद देतात. मुलांना नियमाने नाव द्यायला शिकवा. नाव एकच आलं तर रेणू एकच. ऐकायला हे बिनतोड वाटतं. पण नाव द्यायला सगळ्यात लांब साखळी आधी दिसावी लागते, आणि वाकडी काढलेली साखळी नेमकी तिथेच फसवते. मुलं बेधडक "१-मिथाइलब्यूटेन" लिहितात, ते खरं तर साधं पेंटेन असतं. "२-इथाइलप्रोपेन" लिहितात, ते २-मिथाइलब्यूटेन असतं. म्हणजे एकाच रेणूला दोन नावं देऊन मुलं समघटक वाढवतात, आणि नावावरून पडताळा घ्यायचा हा सरांचा उपाय तिथेच कोलमडतो. बंध फिरतो हे ज्याच्या बोटांना माहीत आहे, तो कागदावरचा वाकडेपणा मनातल्या मनात सरळ करतो.

"खेळ" या शब्दाचंही मला वाईट वाटलं नाही. १८६५ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ हॉफमन यांनी व्याख्यानात रेणू दाखवले ते क्रोके या खेळाच्या चेंडूंनीच. काळा कार्बन, पांढरा हायड्रोजन, लाल ऑक्सिजन हे रंग आजही तेच आहेत. त्यांची मॉडेल्स मात्र सपाट होती, आणि फळाही सपाट असतो, ही खरी अडचण आहे. डायक्लोरोमिथेन फळ्यावर काढा. दोन क्लोरीन समोरासमोर काढले तर एक आकृती, शेजारी-शेजारी काढले तर दुसरी. हुशार मुलगा विचारणारच की हे दोन समघटक का नाहीत. कार्बनचे चार बंध खरोखर एका प्रतलात असते तर दोन मिळालेच असते. प्रत्यक्षात डायक्लोरोमिथेन एकच आहे. अशाच मोजणीच्या आधारावर १८७४ मध्ये डच रसायनशास्त्रज्ञ व्हांट हॉफ यांनी कार्बनचे बंध चतुष्फलकाच्या (चार त्रिकोणी बाजूंच्या घन आकृतीच्या) कोपऱ्यांकडे जातात असं मांडलं. मुलाच्या हातात मॉडेल असेल तर तो ते नुसतं वळवतो आणि शंका तिथेच संपते.

आणि मॉडेल्स लगेच डब्यात भरू नका. त्याच तीन पेंटेनचे उत्कलनांक (उकळण्याची तापमानं) फळ्यावर लिहा: सरळ साखळीचा ३६, एका फांदीच्याचा २८ आणि मध्यावर चार काळे गोळे असलेल्याचा ९.५ अंश सेल्सिअस. मग सरळ साखळीची दोन मॉडेल्स एकमेकांना चिकटवून धरायला सांगा, आणि तसंच चार फांद्यांच्या गोळामोळा रेणूंचं करून पाहायला सांगा. स्पर्श कुठे जास्त होतो हे मुलं स्वतःच सांगतात, आणि जास्त स्पर्श म्हणजे रेणूंची एकमेकांना जास्त ओढ, म्हणून उकळायला जास्त तापमान, हेही मग कळतं. पुढे २ कार्बन, ६ हायड्रोजन आणि १ ऑक्सिजन द्या. एका गटाचं इथेनॉल होतं, ७८ अंशाला उकळणारं. दुसऱ्याचा डायमिथाइल ईथर, उणे २४ अंशाला उकळणारा. गोळे तेच, फक्त लाल गोळ्याची जागा बदलली.

कोणतं किट घ्यावं? गोळे आणि काड्यांचं कुठलंही, फक्त कार्बनच्या भोकांमधला कोन १०९.५ अंश हवा आणि काडी भोकात सहज फिरायला हवी. अणू एकमेकांत घुसलेली भरीव मॉडेल्स दिसायला खऱ्याच्या जवळची असतात, पण त्यात कोण कोणाला जोडलंय हेच नीट दिसत नाही, म्हणून या धड्याला नकोत. मातीचे गोळे आणि टूथपिक मला पसंत नाहीत. मुलं चारही काड्या अधिकच्या चिन्हासारख्या सपाट खोचतात आणि मग मॉडेल असूनही फळ्याचीच चूक हातात येते. दुसरं काही मिळतच नसेल तर माती चालेल, पण प्रत्येक गोळ्याचा कोन तुम्ही स्वतः तपासा.

एक गोष्ट सांगायची राहिली. "काडी न उपसता" हा नियम दुहेरी बंध आला की अपुरा पडतो. २-ब्यूटीनची सिस (टोकाचे दोन्ही कार्बन दुहेरी बंधाच्या एकाच बाजूला) आणि ट्रान्स (विरुद्ध बाजूंना) रूपं फिरवून एकमेकांत बदलत नाहीत, तरी ती संरचना समघटक नाहीत, कारण दोन्हीत कोण कोणाला जोडलंय ते तेच आहे. म्हणून पहिल्या तासाला एकेरी बंधांचेच रेणू घ्या, आणि कोणता कार्बन कोणाला जोडलाय हा प्रश्न सुरुवातीपासून विचारत राहा. काड्यांची लांबीही खरी मानू नका.

सरांचं एक म्हणणं मला मान्य आहे: शेवटी कागदावर काढता आलंच पाहिजे. म्हणून प्रत्येक मॉडेल मोडण्याआधी वहीत काढायला लावा, दोन वेगळ्या बाजूंनी पाहून दोनदा, आणि दोन्ही आकृत्यांखाली नाव एकच लिहायला लावा. यात अर्धा तास जास्त जातो. तो मी दर वर्षी देते, आणि उत्तरपत्रिकांत "१-मिथाइलब्यूटेन" शोधून दाखवा असं मी सरांना त्याच स्टाफरूममध्ये सांगितलं आहे.