वाचक विचारतात : हेडफोनसाठी संगणकातली साउंड पुरते का?

प्रश्न : मी फोंड्याजवळच्या एका गावात राहतो. निवृत्तीनंतर निवांत संगीत ऐकावे म्हणून ८० ओहमचा बेयरडायनॅमिक डीटी ७७० प्रो हा हेडफोन घेतला असून तो घरच्या डेस्कटॉप संगणकाला थेट जोडतो. केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांच्या जुन्या तबकड्यांवरील गायन आणि अलीकडच्या मैफिलींची मुद्रणे, असे दोन्ही माझ्या ऐकण्यात असते. पणजीतील एका दुकानदाराचे म्हणणे असे की, संगणकातली साउंड हेडफोनच्या लायकीची नसते आणि वेगळा डॅक (संगणकातील आकड्यांचे ध्वनीच्या सिग्नलमध्ये रूपांतर करणारे यंत्र) व ॲम्प्लिफायर घेतल्याशिवाय हेडफोनवर घातलेले पैसे वाया जातात. त्याने दुकानात ऐकवून दाखवले, तेव्हा फरक मलाही जाणवला. हा खर्च करावा का?

उत्तर : आपण लिहिलेल्या माहितीवरून तरी हा खर्च करण्याचे कारण मला दिसत नाही. दुकानदार सांगतो ती गोष्ट एके काळी खरी होती. मात्र २००४ साली इंटेलने ‘हाय डेफिनिशन ऑडिओ’ हे मानक आणले आणि त्यानंतर मदरबोर्डवरील ध्वनीच्या चिप सुधारत गेल्या. आज अनेक बोर्डांवर असणाऱ्या रिअलटेकच्या एएलसी १२२० या चिपचा सिग्नल आणि गोंगाट यांच्यातील अंतराचा जाहीर आकडा १२० डेसिबल आहे. बोर्डावर बसवल्यावर तो प्रत्यक्षात कमी भरतो, हे मान्य करूनही लक्षात घ्यावे की १६ बिटांच्या सीडीची मर्यादाच सुमारे ९६ डेसिबल आहे. केसरबाईंच्या ७८ आरपीएमच्या तबकड्यांवरील खरखर तर मुद्रणातच आहे. ती बऱ्या संगणकाच्या गोंगाटाहून कितीतरी मोठी असते आणि कितीही महागडा डॅक आणला तरी ती जाणार नाही.

राहिला प्रश्न ताकदीचा. आपल्या हेडफोनला १ मिलिवॅट मिळाले की तो ९६ डेसिबल आवाज देतो, आणि ८० ओहममध्ये १ मिलिवॅट म्हणजे जेमतेम ०.२८ व्होल्ट. संगणकाच्या जॅकमधून साधारण १ व्होल्ट निघतो असे धरले, तर आवाजाची कमाल पातळी १०७ डेसिबलपर्यंत जाते. मैफिलीच्या मुद्रणात गायनाची सरासरी पातळी शिखरापेक्षा २० डेसिबल खाली असली, तरी ८७ डेसिबल उरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंतच सुरक्षित असतो. म्हणजे आपल्याकडे गरजेपेक्षा जास्तच ताकद आहे. एखादा प्लेनर (सपाट, पातळ पडद्याच्या) पद्धतीचा, फार कमी संवेदनशीलतेचा हेडफोन असता, तर मी ॲम्प्लिफायर घ्यायला सांगितले असते.

मग दुकानात फरक का जाणवला? याचे उत्तर बहुतेक वेळा आवाजाच्या पातळीत सापडते. दोन यंत्रांपैकी एकाचा आवाज किंचित मोठा असला, तर कान त्याला ‘मोठा’ न म्हणता ‘स्वच्छ’, ‘भरीव’, ‘मोकळा’ म्हणतात. अर्ध्या-एक डेसिबलचा फरकही यासाठी पुरतो आणि तो फरक आहे हे ऐकणाऱ्याच्या लक्षातसुद्धा येत नाही. दुकानदाराने फसवले असे मी म्हणत नाही, कारण त्याचे स्वतःचे कानही असेच चकत असणार. तुलना खरी करायची असेल तर ५० हर्ट्झचा सरळ सूर वाजवावा, हेडफोन जोडलेला असतानाच साध्या मल्टीमीटरने जॅकवरील एसी व्होल्ट मोजावेत आणि दोन्ही यंत्रांवर ते एक टक्क्याच्या आत जुळवावेत. त्यानंतर कोणते यंत्र चालू आहे हे न सांगता घरातल्या कोणालातरी अदलाबदल करायला लावावी. एवढे करूनही आपण दर वेळी बरोबर ओळखलेत, तर यंत्र जरूर घ्या; मग तो पैसा वाया गेला असे कोणी म्हणू शकणार नाही.

संगणकातल्या साउंडमध्ये दोष असतो तेव्हा तो सहसा चिपमध्ये नसून तिच्या आसपास असतो. यासाठी एक सोपी परीक्षा आहे. काहीही न वाजवता आवाज पूर्ण वाढवावा, खोली शांत करावी, हेडफोन कानाला लावावा आणि माउस हळूहळू फिरवावा. मग एखादे जड वेबपान वरखाली सरकवून पाहावे. माउसबरोबर बारीक किर्र किंवा शिट्टीसारखा आवाज हलत असेल, तर ग्राफिक्स कार्ड आणि वीजपुरवठा यांचा गोंगाट ध्वनीच्या मार्गात शिरतो आहे असे समजावे. काही वाजवण्यापूर्वी आवाज पुन्हा खाली आणायला मात्र विसरू नये, नाहीतर कानाला इजा होईल. डेस्कटॉपच्या पुढच्या जॅकपर्यंत जाणारी वायर डब्याच्या आतून, ग्राफिक्स कार्डाच्या शेजारून जाते. म्हणून मागच्या हिरव्या जॅकला हेडफोन लावून तीच परीक्षा पुन्हा करावी. अनेकांचा प्रश्न एवढ्यानेच सुटतो. काही बोर्डांवर मात्र हेडफोनसाठीची ताकद पुढच्याच जॅकला दिलेली असते, त्यामुळे मागे आवाज कमी वाटला तर दचकू नये. विंडोजच्या ध्वनीच्या सेटिंगमधील ‘एन्हान्समेंट्स’ बंद करावीत. माझ्या मते त्या सोयींनी संगीताचे जितके नुकसान होते तितके चिपने होत नाही.

मागच्या जॅकवरही गोंगाट राहिलाच, तर उपाय मोठ्या ॲम्प्लिफायरचा नसून यूएसबीला लावायच्या बोटभर डॅकचा आहे. ॲपलचा यूएसबी-सी ते ३.५ मिलिमीटर हा छोटा जोड विंडोजच्या संगणकावरही चालतो, सुमारे १ व्होल्ट देतो आणि आपल्या हेडफोनला पुरेसा आहे.

आणखी एक गोष्ट आपल्यासाठी नव्हे, पण इअरफोन वापरणाऱ्यांसाठी सांगायला हवी. काही जॅकच्या मार्गात ७५ ओहमपर्यंतचा रोध असतो. अनेक ड्रायव्हर (आवाज काढणारे छोटे भाग) असलेल्या इअरफोनचा इम्पीडन्स, म्हणजे त्याचा स्वतःचा विद्युत रोध, एका सुराला १० ओहम आणि दुसऱ्या सुराला ४० ओहम असेल, तर अशा जॅकवर त्या दोन सुरांच्या पातळीत ९ डेसिबलहून अधिक फरक पडतो आणि गाण्याचा रंगच बदलतो. रोध १ ओहम असेल तर तोच फरक एका डेसिबलच्याही आत राहतो. तिथे छोटा डॅक घेणे खरोखर योग्य ठरते.

प्रश्न : लॅपटॉपला चार्जर लावला की हेडफोनमध्ये घूंऽऽ असा आवाज येतो, काढला की थांबतो. आमचे म्हापशातले घर जुने आहे. लॅपटॉप बदलावा का?

उत्तर : लॅपटॉप बदलू नका, आधी अर्थिंग तपासून घ्या. जुन्या घरांत तीन छिद्रांचे सॉकेट असते, पण त्यामागे अर्थिंगची वायर जोडलेलीच नसते, असे अनेकदा आढळते. लॅपटॉपच्या धातूच्या कडेला हात लावल्यावर बारीक मुंग्या येत असतील, तर संशय आणखी बळावतो. परवानाधारक वायरमनला बोलावून घ्या. लॅपटॉप स्पीकरच्या ॲम्प्लिफायरलाही जोडलेला असेल, तर दोन्ही उपकरणे एकाच बोर्डावरून चालवून पाहा. आवाज घालवण्यासाठी प्लगची अर्थिंगची पिन तोडणे किंवा तिच्यावर टेप गुंडाळणे, हा सर्रास सांगितला जाणारा उपाय जिवावर बेतू शकतो. तो कृपया कोणी करू नये.

घूं न येता करकर येत असेल किंवा एका कानाचा आवाज जात-येत असेल, तर मात्र कारण वेगळे असते. आपल्याकडे पावसाळ्यात दमट आणि खाऱ्या हवेने प्लगवर थर चढतो. प्लग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, कोरडा करून, जॅकमध्ये काही वेळा आतबाहेर करावा.

प्रश्न : ब्लूटूथ हेडफोनसाठी चांगल्या साउंड कार्डाचा उपयोग होतो का?

उत्तर : होत नाही. ब्लूटूथ हेडफोनमध्ये डॅक आणि ॲम्प्लिफायर आधीच बसवलेले असतात, त्यामुळे संगणकाची ध्वनीची चिप त्या वाटेवर येतच नाही. ऐकताना आवाज अचानक फोनवरच्या बोलण्यासारखा झाला, तर एखाद्या प्रोग्रॅमने हेडफोनचा माइक चालू केला आहे का, ते आधी पाहावे.