मालदीवची बोट की कोह ताओचा कोर्स?

तुमचं पत्र थोडक्यात असं. तुम्हाला पोहता चांगलं येतं, पण स्कूबा डाइव्हिंग कधीच केलेलं नाही. या सहलीसाठी दोन वर्षं वेगळे पैसे साठवलेत आणि डिसेंबरच्या शेवटच्या दोन आठवड्यांची रजा मिळू शकते. पती सोबत येतील, पण त्यांची तयारी फक्त स्नॉर्केलिंगपर्यंत, म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागावर तरंगत नळीने श्वास घेत खाली पाहण्यापर्यंत. एका एजंटाने मालदीवमधल्या सात रात्रींच्या लिव्हअबोर्डची, म्हणजे बोटीवरच राहून डाइव्ह करायच्या सहलीची ऑफर दिली आहे आणि नवशिक्यांचा कोर्सही बोटीवरच होईल असं तो म्हणतो. शुक्रवारपर्यंत आगाऊ रक्कम भरली तर सवलत मिळेल, मात्र ती रक्कम परत मिळणार नाही. पैसे थोडे कमी पडतात, ते आपत्कालीन निधीतून काढावेत का, की थायलंडचं कोह ताओ किंवा इजिप्तचं दहाब निवडावं, असा तुमचा प्रश्न आहे.

शुक्रवारी पैसे भरू नका. कारणं सांगतो.

तुमच्या जमा रकमेला 100 भाग धरू. तुम्ही पाठवलेल्या आकड्यांनुसार दोघांचा मिळून मालदीवचा खर्च 128 भाग होतो, कोह ताओचा 58 आणि दहाबचा 64. एजंटाचा युक्तिवाद असा, की बोटीवर 17 डाइव्ह मिळतात, म्हणजे प्रत्येकी साडेसात भाग, आणि कोह ताओला दहा डाइव्ह धरल्या तरी प्रत्येकी जवळपास सहा पडतातच. मग थोडक्यासाठी मालदीव का सोडायचं? आकडेमोड बरोबर आहे, पण त्या 17 डाइव्ह तुम्हाला करता येतील हे त्यात गृहीत धरलंय आणि खरी अडचण तिथेच आहे.

ओपन वॉटर हे पहिलं प्रमाणपत्र 18 मीटरपर्यंतच्या खोलीसाठी असतं. मालदीवच्या बोटी ज्यासाठी नावाजलेल्या आहेत त्या डाइव्ह बऱ्याचदा प्रवाळद्वीपांमधल्या खाड्यांच्या तोंडाशी होतात. तिथे प्रवाह जोरदार असतो आणि पाहण्यासारखं बरंचसं 25 ते 30 मीटरवर असतं. म्हणूनच अनेक लिव्हअबोर्ड अ‍ॅडव्हान्स्ड प्रमाणपत्र आणि काही डाइव्हचा अनुभव मागतात. तुमचे पहिले दोन-तीन दिवस शिकण्यात जातील, त्यानंतरही खोल डाइव्हच्या वेळी तुम्ही डेकवर बसाल. 17 पैकी दहा झाल्या तरी बरंच म्हणायचं, आणि मग एका डाइव्हची किंमत जवळपास तेरा भाग होते. पतींचा हिशेब तर वेगळाच. त्यांनी सात दिवस बोटीवर नेमकं काय करायचं?

बोटीवर शिकता येत नाही असं मी म्हणत नाही. पण शिकताना सगळ्यात जास्त गरज असते ती सवडीची. कान मोकळे होत नाहीत, मास्कमध्ये पाणी भरून काढायचा सराव जमत नाही, मध्येच सर्दी होते. किनाऱ्यावरच्या केंद्रात तुम्ही एक दिवस थांबता आणि पुढे सुरू करता. बोट मात्र ठरलेल्या मार्गाने पुढे निघून जाते आणि भरलेल्या पैशांतला एक भागही परत येत नाही. नवशिक्याने पैसे मोजायचे ते उथळ, शांत पाण्यासाठी आणि हाताशी राहणाऱ्या जादा दिवसांसाठी. मांटा रे आणि व्हेल शार्क त्यानंतर.

ठिकाणापेक्षाही तुमच्या गणितात जास्त फरक पडतो तो तारखेने. डिसेंबरचा शेवटचा पंधरवडा मालदीवमध्ये कोरड्या हंगामाचा आणि सर्वांत महाग दरांचा असतो. थायलंडच्या आखातात ऑक्टोबर ते डिसेंबर पावसाळा. नोव्हेंबर सगळ्यात वाईट, आणि डिसेंबरमध्येही समुद्र खवळलेला मिळू शकतो. कोह ताओला विमानतळ नाही, चुम्फोन किंवा कोह सामुईहून फेरीने जावं लागतं, त्यामुळे खराब हवामानात फेरी रद्द झाली तर एक-दोन दिवस सहज बुडतात. दहाबला डिसेंबरात डाइव्हिंग चालू असतं, पण पाणी साधारण 23 अंशांपर्यंत उतरतं, वारा असतो आणि जाड वेटसूट घालून शिकावं लागतं.

रजा मार्चअखेर किंवा एप्रिलमध्ये सरकवता आली तर मी कोह ताओ निवडेन. जगात सर्वांत जास्त प्रमाणपत्रं दिली जाणाऱ्या ठिकाणांपैकी ते एक आहे आणि तिथल्या केंद्रांमध्ये स्पर्धा आहे, त्यामुळे कोर्सचे दर कमी आहेत. जपानी गार्डन्ससारख्या उथळ जागा सरावाला आणि पतींच्या स्नॉर्केलिंगला दोन्हीला चालतात. फक्त 13 ते 15 एप्रिल हे थाई नववर्षाचे दिवस टाळा, तेव्हा प्रवासाची तिकिटं आणि खोल्या दोन्हींची ओढाताण असते. रजा डिसेंबरातच घ्यावी लागणार असेल तर दहाब. तिथे बहुतेक डाइव्ह किनाऱ्यावरूनच चालत जाऊन होतात, म्हणजे बोटीचा खर्च वाचतो, आणि लाइटहाउस रीफवर नवशिक्यांचा सराव चालतो. दहाबजवळच्या ब्लू होल या खोल समुद्री विवराचे फोटो पाहून भुलू नका. त्याची ती प्रसिद्ध कमान 50 मीटरहून खोल आहे आणि तिने अनेक अनुभवी डायव्हरांचे जीव घेतलेत.

बालीतल्या तुलांबेनचाही तुम्ही ओझरता उल्लेख केलाय. 1942 मध्ये टॉर्पेडो लागलेलं लिबर्टी जहाज 1963 च्या आगुंग ज्वालामुखीच्या उद्रेकात किनाऱ्यावरून पाण्यात सरकलं, आणि ते आज इतकं जवळ आहे की किनाऱ्यावरून जाता येतं. छानच जागा आहे, पण तिथला पावसाळाही तुमच्या डिसेंबरातच येतो. दुसऱ्या सहलीसाठी ठेवा.

आता स्वस्त कोर्सबद्दल. पाडी, एसएसआय वगैरे डाइव्हिंग प्रशिक्षण संस्थांचं हे पहिलं प्रमाणपत्र आयएसओ 24801-2 या एकाच मानकाला धरून असतं, त्यामुळे कार्डावरच्या नावासाठी जास्त पैसे देण्यात अर्थ नाही. गटाच्या आकारासाठी मात्र जरूर द्या. पाडीच्या नियमाने समुद्रात एका प्रशिक्षकामागे आठ विद्यार्थी चालतात. ही कमाल मर्यादा आहे. चारच्या गटासाठी दोन-तीन भाग जास्त पडले तर तो या सहलीतला सर्वांत योग्य खर्च समजा. थिअरी घरूनच ऑनलाइन पूर्ण करा. जवळ चांगलं केंद्र असेल तर पोहण्याच्या तलावातला सरावही आधीच उरकून, तसं लिहून देणारं रेफरलचं पत्र घेऊन तिथे फक्त चार समुद्री डाइव्ह करता येतात. पाडीचं रेफरल 12 महिने चालतं. महागड्या ठिकाणी याने हॉटेलच्या दोन रात्री वाचतात. कोह ताओला फारसा फायदा नाही.

या सगळ्याच्या आधी एक काम. पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहून गेलात की थंडीत सायनसचा त्रास वारंवार होतो. कोर्सआधी भरायच्या वैद्यकीय प्रश्नावलीत हा प्रश्न असतो, आणि त्याला 'हो' उत्तर असेल तर डॉक्टरांची सही असल्याशिवाय पाण्यात उतरू देत नाहीत. ती सही आधी मिळवा. त्याआधी परत न मिळणारी 40 भागांची आगाऊ रक्कम भरणं हा मला या ऑफरमधला सर्वांत मोठा धोका वाटतो, बोटीच्या किमतीपेक्षाही मोठा. डॉक्टरांनी होकार दिला की एक प्रायोगिक डाइव्ह करून पाहा. ती प्रशिक्षकासोबत, 12 मीटरच्या आत होते आणि कोर्सच्या तुलनेत किरकोळ पैशांत होते. पाण्याखाली श्वास घेणं आपल्याला आवडतं की नाही, हे पन्नास-साठ भाग खर्च करण्याआधी कळलेलं बरं.

विम्याबद्दल तुम्ही काहीच लिहिलेलं नाही. साध्या प्रवास विम्यात डाइव्हिंग वगळलेलं असतं किंवा खोलीची मर्यादा असते, आणि शिकाऊ व्यक्तीला संरक्षण आहे का हे बारीक अक्षरांत शोधावं लागतं. खोलातून वर येताना शरीरात वायूचे बुडबुडे झाल्याने होणाऱ्या डीकम्प्रेशन आजारावरच्या उपचाराचं एक नेहमीचं सत्र दाबकक्षात पावणेपाच तासांचं असतं, शिवाय तिथपर्यंत पोचवण्याचा खर्च वेगळा. डॅन (डायव्हर्स अलर्ट नेटवर्क) सारख्या संस्थांचा खास डाइव्हिंग विमा घ्या. कोह ताओच्या 58 भागांत तो धरलेला नाही, आणि शेवटच्या डाइव्हनंतरची रिकामी रात्रही धरलेली नाही. अनेक दिवस डाइव्ह केल्यावर विमानात बसण्याआधी किमान 18 तास थांबावं लागतं. हे दोन्ही धरून, विनिमय दर हलला तर थोडं हाताशी राहावं म्हणून, एकूण 68 भाग गृहीत धरा. तिथे कार्डाने पैसे देताना यंत्राने तुमच्या देशाच्या चलनात बिल घेऊ का असं विचारलं तर नाही म्हणा, तो दर जवळजवळ नेहमी वाईट असतो.

उपकरणांत फक्त बसणारा मास्क विकत घ्या. रेग्युलेटर (टाकीतली हवा तोंडापर्यंत आणणारं उपकरण) आणि हवा भरून तरंगणं सांभाळायचं जॅकेट भाड्याने. त्यांची नियमित सर्व्हिसिंग आणि विमानातलं वजन वर्षातून एका सहलीला परवडत नाही.

आपत्कालीन निधीला हात लावायचा प्रश्नच उरत नाही, कारण कोह ताओ निवडलं तर 32 भाग शिल्लक राहतात. ते आणि सहलीचे पैसे, दोन्ही बचत खात्यात किंवा छोट्या मुदत ठेवीत ठेवा. काही महिन्यांत लागणारे पैसे शेअर बाजारात नकोत. पुढच्या वर्षी अ‍ॅडव्हान्स्ड कोर्स करा, तो पाच डाइव्हचा असतो आणि मर्यादा 30 मीटरवर नेतो. तोवर पंचवीस-तीस डाइव्ह झाल्या तर तीच मालदीवची बोट पुन्हा पाहू, आणि त्या वेळी एजंटाला तीन गोष्टी लेखी विचारा: अनुभवाची अट काय, किती डाइव्ह 18 मीटरच्या आत आहेत, आणि डाइव्ह न करणाऱ्या सहप्रवाशासाठी वेगळा दर आहे का.