हीट पंप जनरेटरवर चालेल, पण एकटाच

प्रश्न : नमस्कार दादा, आम्ही नॉर्थ कॅरोलिनात कॅरीला राहतो. घर पूर्ण इलेक्ट्रिक, गॅसची लाइन नाही, 3 टनाचा हीट पंप आहे (बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून घर तापवणारा एसी), साधा एकाच स्पीडचा. 2022 ला ख्रिसमसच्या आदल्या दिवशी ऐन थंडीत आळीपाळीने लाइट घालवले होते तेव्हापासून डोक्यात होतं, शेवटी आत्ता 7500 वॅटचा पोर्टेबल जनरेटर घेतला (खोक्यावर स्टार्टिंग 9500 लिहिलंय). दुकानातला म्हणाला तीन टन म्हणजे तीन-साडेतीन किलोवॅट, आरामात चालेल. सासूबाई या हिवाळ्यात आमच्याकडे आहेत, त्यांना थंडी अजिबात सोसत नाही. खरंच चालेल ना?

उत्तर : नमस्कार. त्या दिवशी आमच्याकडे पण सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य होतं, लोडशेडिंग पाठ सोडेना, इथपर्यंत आलं! असो.

दुकानदाराचा आकडा खोटा नाही, पण तो मशिन चालू झाल्यानंतरचा आहे. बाहेरच्या युनिटवर एक पत्र्याची पाटी असते, टॉर्च घेऊन जा आणि त्यावर दोन आकडे शोधा, आरएलए आणि एलआरए. आरएलए म्हणजे चालू असताना साधारण किती अँपिअर खाणार, तुमच्या साइजला 15 च्या आसपास. एलआरए म्हणजे सुरू होताना क्षणभर किती ओढणार, आणि तो 75-80 निघाला तर दचकू नका, जुन्या पद्धतीच्या 3 टनी कॉम्प्रेसरला तेवढा असतोच. तुमचा जनरेटर 240 व्होल्टवर कसाबसा 40 अँपिअरचा धक्का सोसेल. म्हणजे तो घुरघुरणार, दिवे मिणमिणणार, आणि कॉम्प्रेसर नुसता हुंकार देऊन बसणार. यावर उपाय आहे, सॉफ्ट स्टार्टर नावाची छोटी डबी कॉम्प्रेसरला जोडून घ्यायची, सुरुवातीचा झटका अर्ध्याहून खाली येतो. एचव्हीएसीवाल्याला (म्हणजे हीटिंग-एसीचं काम करणाऱ्याला) ते तास-दोन तासांचं काम आहे. (ज्यांचा हीट पंप इन्व्हर्टरवाला आहे त्यांना हा झटक्याचा त्रासच नाही, तो हळूहळू वेग घेतो, पण त्याचं सर्किट बोर्ड नाजूक, स्वस्त जनरेटरची वेडीवाकडी वीज त्याला चालत नाही, तिथे जनरेटर पण इन्व्हर्टर टाइपचाच बघायचा.)

आता खरी गोम सांगतो, ही मला पण ठेच लागूनच कळली. सॉफ्ट स्टार्टर लावला, मशिन मस्त सुरू झालं, बायकोला म्हटलं बघ कसं जमवलं, आणि पाऊण तासाने बाहेरून फुस्स असा आवाज आला, बाहेरच्या युनिटमधून वाफेचे लोट, आणि जनरेटरला दम्याचा अ‍ॅटॅक आल्यासारखी धाप लागून त्याचा ब्रेकर खटकन पडला. मला वाटलं जळलं काहीतरी. झालं होतं एवढंच की मशिन डिफ्रॉस्टला गेलं. थंडीत बाहेरच्या कॉइलवर बर्फ धरतो, तो काढायला मशिन काही मिनिटं उलटं चालतं, घरातली उष्णता बाहेर नेतं, आणि तेवढ्या वेळात घरात गार वारा येऊ नये म्हणून एअर हँडलरमधल्या (घरातल्या पंख्याच्या युनिटमधल्या) हीट स्ट्रिप आपोआप लागतात. हीट स्ट्रिप म्हणजे काय, तर आपल्या पाण्यात टाकायच्या कॉइलची मोठी भावंडं. 10 किलोवॅटच्या स्ट्रिपला 240 व्होल्टवर 42 अँपिअर लागतात, तुमच्या जनरेटरचा अख्खा जीव 31 चा.

आणि फक्त डिफ्रॉस्टलाच नाही. घर गार पडून 55 फॅरनहाइटवर आलंय आणि थर्मोस्टॅट 70 वर आहे, म्हणजे जनरेटरची वीज येताच तो म्हणणार फार फरक पडलाय, लावा स्ट्रिप. आणि 'एमर्जन्सी हीट' हे बटण तर चुकूनही दाबू नका, नावावरून वाटतं लाइट गेल्यावरचीच सोय आहे, पण ते कॉम्प्रेसर बंद करून नुसत्या स्ट्रिपवर घर तापवतं.

मग स्ट्रिप बंद कशा करायच्या? पुष्कळ जण सांगतील त्यांचा ब्रेकर पाड. पण 10 किलोवॅटच्या बऱ्याच एअर हँडलरमध्ये स्ट्रिप आणि ब्लोअर एकाच ब्रेकरवर असतात, तो पाडला की पंखाच बंद. त्यापेक्षा एअर हँडलरमध्ये 'डब्ल्यू' टर्मिनलवर जी कंट्रोलची बारीक वायर येते (बहुतेक पांढरी, पण रंगावर भरवसा नको) ती तोडायची सोय करून घ्या. थर्मोस्टॅटचा आणि बाहेरच्या युनिटचा, दोघांचाही स्ट्रिप लावायचा निरोप तिथूनच जातो, म्हणून थर्मोस्टॅटकडची वायर काढून भागत नाही. मी टेक्निशियनकडून तिथे एक साधा स्विच बसवून घेतला, वर मराठीत चिकटपट्टी लावलीय, 'जनरेटरवर असताना बंद'. मग डिफ्रॉस्टच्या वेळी पाच-दहा मिनिटं गार वारा येतो, सासूबाईंना तेवढ्यापुरती शाल द्या.

चालवताना आधी सगळं बंद, जनरेटर दोन-चार मिनिटं गरम होऊ द्या, मग सगळ्यात आधी हीट पंप आणि तो स्थिरावला की फ्रीज, दिवे. ओव्हन, ड्रायर आणि गिझर विसरा. थर्मोस्टॅट 60-62 वर पुरे, पाइप गोठणार नाहीत. आणि लाइट रात्रभर गेली असेल तर लगेच कॉम्प्रेसर चालू करू नका, गारठ्यात त्याच्या तेलात रेफ्रिजरंट मुरलेलं असतं, त्याचा तळाचा हीटर आधी काही तास चालू ठेवावा लागतो, किती ते मशिनच्या पुस्तकात दिलेलं असतं.

घराला जोडणी मात्र इलेक्ट्रिशियनकडून, इंटरलॉक किंवा ट्रान्सफर स्विच (बाहेरची लाइन तोडल्याशिवाय जनरेटर घराला जोडू न देणारी सोय) लावूनच. ड्रायरच्या सॉकेटमधून दोन्हीकडे नर पिना असलेली वायर घालायचा जुगाड कोणीतरी सुचवेलच, तो केलात तर तुमची वीज ट्रान्सफॉर्मरमधून उलटी चढून खांबावरच्या लाइनमनला मारू शकते.

आणि पेट्रोल? अर्ध्या लोडवर तासाला अर्धा ते पाऊण गॅलन धरा, दिवसाला 12 ते 18 गॅलन. एवढं कोण साठवणार! म्हणून मी स्वतः चोवीस तास चालवत नाही, सकाळी दोन-तीन तास आणि झोपायच्या आधी तेवढेच. वरच्या खोलीत एक टनाचं मिनी-स्प्लिट असेल तर मोठ्याला हातच लावू नका, सगळे त्या एका खोलीत झोपा, साधारण एका किलोवॅटात रात्र निघते.

प्रश्न : ऑस्टिनहून. पावसात जनरेटर भिजू नये म्हणून गॅरेजमध्ये दार उघडं ठेवून चालवला तर चालेल का?

उत्तर : नाही. दार उघडं असलं तरी नाही. 2021 च्या फेब्रुवारीत तुमच्याच टेक्सासात लाखो घरं अंधारात होती तेव्हा कार्बन मोनॉक्साइडने माणसं गेली, त्याला वास नसतो आणि झोपेतच माणूस बेशुद्ध होतो. घरापासून निदान 20 फूट लांब, धुराचं तोंड घराकडे नको, पावसासाठी जनरेटरचंच चारी बाजूंनी उघडं छप्पर मिळतं ते घ्या. आणि बॅटरीवर चालणारा सीओ (म्हणजे कार्बन मोनॉक्साइडचा) अलार्म प्रत्येक मजल्यावर लावा, बॅटरी आजच तपासा, मी तपासली तेव्हा आमच्याकडची संपलेली निघाली होती.