तालुका एकच, मग खासदार दोन कसे?

प्रश्न : ताई, माझं सासर म्हार्दोळला, माहेर शिरोड्याला. दोन्ही गावं फोंडा तालुक्यातलीच ना? मग २०२४ ला मतदानाला आईच्या मशीनवर उमेदवारांची नावं वेगळी आणि माझ्या मशीनवर वेगळी कशी? आता तर आमचा जिल्हाही दक्षिण गोवा झालाय. गावच्या कामासाठी पत्र कुठल्या खासदाराला पाठवू?
– एक वाचक, म्हार्दोळ

उत्तर : तू उत्तर गोव्याच्या खासदारांना लिही, म्हणजे श्रीपाद नाईकांना. अगं घोळ होतो तो जिल्ह्यामुळे. फोंडा तालुका २०१५ मध्ये दक्षिण गोवा जिल्ह्यात गेला, पण लोकसभेची हद्द जिल्ह्यावर नाही, ती विधानसभा मतदारसंघांवर ठरते, चाळीसातले वीस उत्तरेत नि वीस दक्षिणेत, आणि तुमचं म्हार्दोळ ज्यात येतं तो प्रियोळ उत्तरेत राहिला तर फोंडा, शिरोडा, मडकई हे तिन्ही दक्षिणेत. म्हणून तुझ्या आईचे खासदार कॅप्टन विरियातो फर्नांडिस.

पत्र लिहिताना एवढं लक्षात ठेव, खासदार निधी वर्षाला ५ कोटींचा असतो पण खासदार फक्त काम सुचवतात, करून घेतं ते जिल्हा प्रशासन, त्यामुळे नुसतं 'रस्ता करा' असं लिहू नकोस, जागा कोणाच्या नावावर आहे, पंचायतीचा ठराव झालाय का हे सगळं सोबत जोड.

आणि आपल्या लोकसभेच्या जागेचा इतिहास माहीत असायलाच हवा असं मला मनापासून वाटतं. २००९ च्या आधी हिला पणजी मतदारसंघ म्हणायचे, दक्षिणेला मुरगाव. १९६३ च्या पहिल्या निवडणुकीत इथून गोवामुक्तीच्या लढ्यातले पीटर आल्वारिस निवडून आले, १९७१ ला पुरुषोत्तम काकोडकर, १९८९ ला मगोचे (महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे) गोपाळराव मयेकर, मराठीचे प्राध्यापक. १९९६ ला रमाकांत खलप जिंकले, तेच खलप २०२४ ला काँग्रेसकडून श्रीपादभाऊंसमोर उभे होते आणि हरले. श्रीपादभाऊ १९९९ पासून सलग सहा वेळा!

या सगळ्यांत बाई एकच, १९८० च्या संयोगिता राणे, मगोच्या. दक्षिणेतून तर आजवर एकही नाही, २०२४ ला भाजपच्या पल्लवी धेंपे उभ्या होत्या त्याही हरल्या. मला हे फार खुपतं गं. मतदानाच्या रांगेत आपण बायका काय कमी असतो का?

पत्राची एक प्रत तुझ्या प्रियोळच्या आमदारांनाही दे, आणि दोन्हीकडे पोचपावती मागून घे.